गिलाव्याआधी दाब तपासा

नवी नळजोडणी मागायला गेलं की नगरपालिका कागद बघते. मालमत्ता कराची पावती, मालकीचा पुरावा, रस्ता खोदण्याची फी. पाणी ज्या पाइपातून घरभर फिरणार, तो पाइप मात्र कोणी बघत नाही. तो किती जाडीचा आहे, सांधे कोणी जोडले, जोडल्यावर त्यांच्यावर दाब टाकून पाहिला की नाही, याची नोंद पालिकेकडे नसते आणि घरमालकाकडेही नसते. विजेच्या बाबतीत असं चालत नाही. परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल असल्याशिवाय घराला मीटर मिळत नाही. ‘परवानाधारक प्लंबर’ हे शब्द पाण्याच्या अर्जांवरही कुठे कुठे असतात, पण त्याची सही रस्त्यातल्या लाइनीपासून दारापर्यंतच्या तुकड्यापुरती. दाराच्या आत सगळा कारभार तोंडी.

मराठवाड्यातल्या महापालिका आणि नगरपालिकांनी हे बदलायला हवं. भिंतीत गाडलेल्या पाइपलाइनची गिलाव्याआधी दाबचाचणी झाली पाहिजे, तिचा कागद आणि लाइनीचा नकाशा जोडणीच्या अर्जासोबत मागितला पाहिजे आणि त्यावर नोंदणी असलेल्या प्लंबरची सही असली पाहिजे. ही मागणी राज्यात कुठेही रास्तच आहे. पण इथे ती जास्त निकडीची आहे, कारण इथे पाणी रोज येत नाही.

पाच माणसांचं घर आणि माणशी 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण धरा. आठ दिवसांनी पाणी सुटत असेल तर घरात 5,400 लिटर साठवण लागते. एवढं पाणी हौदात आणि टाकीत मिळून कमी घरांत मावतं, म्हणून माणसं वापर कमी करतात, टँकर मागवतात, बोअरवर भागवतात. अशा घरात सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घेऊन जातो. अशी 10,000 घरं धरली तर दिवसाला 2 लाख लिटर झाले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून लातूरला आलेल्या पहिल्या पाणी-रेल्वेत साधारण 5 लाख लिटर पाणी होतं. तेवढं पाणी ही घरं अडीच दिवसांत गटारात सोडतील, आणि तेही फक्त थेंबाथेंबाने. फ्लशच्या टाकीचं रबर बसत नसेल तर एका घरातूनच दिवसाला काही शे लिटर जातात आणि आवाजही होत नाही. जायकवाडीत किती टीएमसी, मांजरा धरणात किती टक्के, उजनीचं पाणी धाराशिवला किती, यावर आपण तावातावाने बोलतो. तेच पाणी दारातून आत आल्यावर शेवटच्या तीस मीटरांत काय होतं, यावर कोणी बोलत नाही.

नळाची गळती निदान दिसते. भिंतीतली गळती दिसेपर्यंत वर्ष जातं. आधी खालच्या खोलीच्या कोपऱ्यात रंगाला फोड येतात, मग मिठासारखी पांढरी पूड सुटते, मग घरमालक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो. तो गच्चीवर लेप मारून जातो, ओल तशीच राहते. शेवटी फरशी फोडली की एल्बोच्या, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाच्या, तोंडाशी केसाएवढी फट सापडते. ती फट पाइप बसवला त्या दिवसापासून तिथेच असते.

हे का होतं, ते सांध्यात बघावं लागतं. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाचा, सांधा सोल्यूशनने जुळतो. सोल्यूशन म्हणजे डिंक नव्हे. ते पाइपाचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. त्यासाठी पाइप काटकोनात कापावा लागतो. कापलेल्या कडेचा बूर घासून काढावा लागतो, नाहीतर तो बूर आत जाताना सोल्यूशन खरवडून पुढे ढकलतो. धूळ आणि ओल पुसावी लागते. सोल्यूशन पाइपाला बाहेरून आणि फिटिंगला आतून, दोन्हीकडे लावायचं, पाइप तळाला टेकेपर्यंत सरकवून पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. सोडला घाईने तर पाइप थोडा मागे सरकतो. प्रत्यक्षात हॅक्सॉने तिरका काप मारला जातो, सोल्यूशन फक्त पाइपाला लागतं, कधी यूपीव्हीसीचं, म्हणजे थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचं, सोल्यूशन सीपीव्हीसीला लावलं जातं, तर कधी उघड्या राहिलेल्या डब्यातलं घट्ट झालेलं सोल्यूशन थिनर घालून पातळ केलं जातं. वरून बघितलं तर सगळे सांधे सारखेच दिसतात. चांगला सांधा आणि वाईट सांधा वेगळा ओळखायला दाबाशिवाय दुसरा उपाय नाही.

दुसरी दुखरी जागा म्हणजे आटे. प्लास्टिकच्या आट्यात पितळी नळ आवळला की प्लास्टिक चिरतं. ही चीर त्या दिवशी गळत नाही, महिन्यांनी गळते. नळ जिथे बसणार तिथे आतून पितळी आटे असलेलंच फिटिंग हवं. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे, आवळणं हाताने आणि वर पान्याने एखादा वळसा, बस्स. किमतीतला फरक एका पॉइंटमागे, म्हणजे नळाच्या एका जागेमागे, किरकोळ असतो आणि तोच वाचवला जातो.

आता चाचणी. सगळे सांधे जोडून 24 तास झाले पाहिजेत. नळ बसवायच्या प्रत्येक तोंडाला प्लग लावायचा. नळ बसवून चाचणी करू नये, कारण मग गळती नळाची की सांध्याची ते कळत नाही. सर्वात उंचावरचा एक प्लग सैल ठेवून खालून सावकाश पाणी भरायचं. हवा पूर्ण निघाली आणि पाण्याची अखंड धार लागली की तो प्लग घट्ट करायचा. हे टाळलं की चाचणी वाया जाते. हवा दाबली जाते, त्यामुळे बारीक गळती असली तरी दाबमापकाचा काटा लगेच खाली येत नाही, आणि एखादा प्लग उडाला तर कोंडलेली हवा माणसाला इजा करते. मग हातपंपाने दर चौरस सेंटीमीटरला 10 किलोपर्यंत दाब चढवायचा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि किमान तासभर काटा बघायचा. दोन तास बघितला तर उत्तम. सकाळी, सावलीत करावं, म्हणजे उन्हाने पाइप तापून काटा सरकत नाही. काटा पडला तर प्रत्येक सांध्यावरून कोरडं फडकं फिरवायचं, गळती सापडतेच. तो तुकडा कापून नवा घालायचा. गळक्या सांध्यावर वरून सोल्यूशन थापणं ही दुरुस्ती नव्हे.

दुमजली घराला टाकीचा दाब जेमतेम अर्धा ते पाऊण किलो मिळतो, मग 10 किलोची चाचणी कशाला, असं विचारलं जातं. म्हणूनच तर. कमी दाबाखाली कच्चा सांधा महिनोन्‌महिने तग धरतो आणि गिलावा, टाइल्स, रंग सगळं झाल्यावर सुटतो. शिवाय पुढे कोणीतरी प्रेशर पंप बसवतं आणि त्याच लाइनीवर एकदम 2–3 किलो दाब येतो. चाचणीचा पंप काही हजार रुपयांत मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो. एका फुटलेल्या न्हाणीघराच्या टाइल्सचा खर्च त्याहून जास्त होतो.

गच्चीवरच्या लाइनीला इथलं ऊन वेगळंच काही शिकवतं. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा 42–43 अंशांवर जातो आणि उघड्या पाइपाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. सीपीव्हीसीचा 10 मीटरचा पाइप 30 अंशांच्या फरकाने जवळपास 2 सेंटीमीटर लांबतो आणि पहाटे तेवढाच आखडतो. दोन्ही टोकं भिंतीत पक्की आणि मधले क्लॅम्प करकचून आवळलेले असतील तर ही सगळी ओढाताण एल्बोवर येते. म्हणून क्लॅम्प पाइपाला सरकू देणारे हवेत आणि लांब सरळ लाइनीत एखादं वळण मुद्दाम द्यायला हवं. उन्हातल्या पाइपाला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्यावा, ऑइलपेंट नको. सोलर हीटरचं गरम पाणी यूपीव्हीसीतून नेणारे आजही आहेत. यूपीव्हीसी साधारण 45 अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतं, सोलरचं पाणी उन्हाळ्यात त्याच्या खूप वर जातं आणि पाइप लोंबतो. गरम लाइनीला सीपीव्हीसीच, त्यातही जाड भिंतीचा एसडीआर 11. पाइपावर आयएस 15778 हा मानक क्रमांक छापलेला असतो, तो दुकानातच वाचून घ्यावा.

मग कॉक. पाणीटंचाईच्या प्रदेशात घरभर एकच मुख्य कॉक ठेवणं हा गुन्हा मानला पाहिजे, इतकं याचं महत्त्व आहे. एका नळाचं वॉशर बदलायचं तर गच्चीवरची 1,000 लिटरची टाकी रिकामी करावी लागते, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. टँकरचं विकतचं पाणी वॉशरपायी गटारात जातं. म्हणून घरमालक दुरुस्ती पुढे ढकलतो, पुढच्या पाण्याच्या दिवशी बघू म्हणतो, आणि गळती चालू राहते. टाकीच्या तोंडाशी एक बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइप न कापता सोडवता येणारा जोड), प्रत्येक न्हाणीघराला एक, स्वयंपाकघराला एक, आणि बेसिन, फ्लश, गिझर यांच्याखाली प्रत्येकी एक अँगल कॉक, एवढं बांधतानाच झालं तर कुठलीही दुरुस्ती बादलीभर पाण्यात उरकते. बोअरच्या जड पाण्याने हे कॉक क्षार धरून अडकतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा ते फिरवून ठेवावेत. शॉवरच्या जाळीवरचा क्षार लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात भिजवून निघतो. फरशी धुण्याचं ॲसिड वापरलं तर क्षाराबरोबर नळाचा मुलामाही जातो.

टाकीतून खाली येणाऱ्या लाइनीला हवेचा पाइप हवा, हे इथे विशेष सांगावं लागतं. रोज पाणी येणाऱ्या शहरात टाकी क्वचितच पूर्ण रिकामी होते. आपल्याकडे पाण्याच्या दिवसाआधी ती रिकामी होणं हा नेम आहे. रिकामी झाली की लाइनीत हवा शिरते आणि टाकी भरल्यावरही नळ फुरफुरत राहतात. मग माणसं तोंडाने हवा ओढतात, नळ काढून ठेवतात, प्लंबरला बोलावतात. व्हॉल्व्हनंतर लगेच एक टी बसवून त्यातून टाकीच्या वर जाणारा उघडा पाइप काढला की हा प्रश्न मिटतो. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या नहरींवर ठिकठिकाणी बांधलेले मनोरे होते. मातीच्या नळांतली हवा आणि दाब सांभाळणं हे त्यांचं काम. सतराव्या शतकात या शहराला कळलेली गोष्ट आज तीन मजल्यांच्या इमारतीत विसरली जाते.

इथपर्यंतचं नुकसान घरमालकाचं. पुढचं शेजाऱ्याचंही आहे, आणि म्हणूनच पालिकेने घराच्या आत डोकावण्याचा हक्क मागायला हवा. पाणी सुटलं की नळाला थेट मोटार लावली जाते. मोटार मुख्य लाइनीतून पाणी ओढते आणि लाइनीतला दाब शून्याखाली नेते. जुन्या गल्ल्यांत घराघरांच्या जोडण्या उघड्या गटारातून आडव्या गेलेल्या असतात. दाब असेपर्यंत फटीतून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की त्याच फटीतून गटाराचं पाणी आत येतं. पुरवठा बंद झाल्यावर लाइन उताराकडे रिकामी होते, तेव्हाही हेच होतं. पावसाळ्यात एखाद्या वॉर्डात काविळीची, गॅस्ट्रोची साथ पसरते, तेव्हा टाकीत क्लोरीन होतं की नाही याची चौकशी होते. गटारातून गेलेल्या अर्ध्या इंची पाइपांची चौकशी कोणी करत नाही.

मोटारींवर छापे घालून हा प्रश्न सुटलेला नाही. चौथ्या गल्लीला दाबच मिळत नसेल तर तिथला माणूस मोटार लावणारच. तांत्रिक उत्तर साधं आहे. रस्त्याच्या पातळीपेक्षा खोल हौद बांधायचा, जोडणी बॉल कॉकमार्फत त्यात सोडायची आणि मोटार हौदातून वर चढवायची. अगदी कमी दाबातही पाणी खाली हौदात येतं. अट एवढीच की हौदाचं तोंड जमिनीपासून वीतभर उंच असावं, झाकण घट्ट असावं, आत येणाऱ्या पाइपाचं तोंड भरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान 2.5 सेंटीमीटर वर असावं. नळाची नळी हौदाच्या पाण्यात बुडलेली असेल तर लाइनीतला दाब जाताच हौदातलं पाणी मुख्य लाइनीत परत ओढलं जातं. गटार ओलांडताना जोडणी गटाराच्या वरून, बाहेरच्या मोठ्या पाइपात घालून न्यावी. हौद बांधायला ज्यांच्याकडे जागा नाही किंवा पैसा नाही त्यांच्यासाठी दोन-तीन घरांत मिळून एक हौद, आणि त्याला पालिकेचं अनुदान, हा खर्च साथीच्या खर्चापुढे थोडा आहे.

बोअर आणि नळ एकाच टाकीत सोडण्याची सवयही अशीच. मधे कॉक आहे ना, असं सांगितलं जातं. कॉक गळतो, कोणी उघडा ठेवतो, आणि बोअरचं पाणी नळाच्या लाइनीत शिरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600. आपल्या काळ्या खडकातल्या कित्येक बोअरचं पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडतं. दोन पाण्यांना दोन टाक्या, दोन लाइनी, आणि दोघींना जोडणारा एकही पाइप नको. फ्लशला आणि सांडायला बोअर, स्वयंपाकाला नळ. कपडे धुतलेल्या पाण्याची लाइन वेगळी काढून झाडांकडे नेणं बांधतानाच केलं तर चार-सहा पाइपांचं काम आहे, नंतर करायचं तर फरशी फोडावी लागते.

सांडपाण्याच्या बाजूचं थोडक्यात: चार इंची लाइनीला मीटरमागे दीड-दोन सेंटीमीटर उतार, प्रत्येक वळणाला चेंबर, न्हाणीच्या ट्रॅपमध्ये 5 सेंटीमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास आणि झुरळं घरात. मात्र सेप्टिक टँकबद्दल थोडक्यात बोलता येत नाही. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात टाकी साफ करताना पाच कामगारांचा जीव गेला. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला बंदी आहे. तरीही तुंबलं की प्लंबरच्या हाताखालच्या पोराला आत उतरायला सांगितलं जातं. टाकीत डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू असतो, पहिला पडला की त्याला काढायला उतरणारा दुसराही पडतो. टाकीवर मोठं झाकण कुठे आहे आणि उपसा करणाऱ्या गाडीचा पाइप तिथवर पोहोचतो का, हे नकाशात दाखवणं सक्तीचं केलं तर आत उतरण्याची वेळच येणार नाही.

हे सगळं प्लंबरांना माहीत नाही असं नाही. चांगले कारागीर मराठवाड्यात आहेत. पण आपण त्यांना पैसे कशाचे देतो? पॉइंटचे. जितके पॉइंट, तितकी मजुरी. जो लवकर उरकतो तो जास्त कमावतो. चाचणीला, कड घासायला, 24 तास थांबायला दर नाही. गुत्तेदार तर दुसऱ्याच दिवशी गिलाव्याचा माणूस उभा करतो. मजुरी कमी पडते म्हणून दुकानदाराच्या कमिशनवर भागवलं जातं, आणि मग कुठला पाइप घ्यायचा हे कमिशन ठरवतं. घरमालकाने अंदाजपत्रकात दाबचाचणी ही वेगळी ओळ धरून तिचे वेगळे पैसे दिले पाहिजेत आणि माल स्वतः घेतला पाहिजे. मजुरी वाढवायला कां-कू करणारा माणूस चमकदार शॉवरवर मात्र हजारो रुपये घालवतो.

सक्ती आली की आणखी एक टेबल, आणखी एक सही आणि तिथे आणखी एक हात पुढे होईल, ही भीती खरी आहे. म्हणून तपासणीला अधिकारी नको. चाचणी प्लंबरने घरमालकासमोर करावी. सुरुवातीला आणि शेवटी काट्याचा फोटो, वेळेसह. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप धरून. एका पानावर दोघांच्या सह्या. पालिकेने ते पान फक्त जमा करावं आणि शंभरातली दोन-चार घरं जाऊन बघावीत. खोटी चाचणी सापडली तर त्या प्लंबरची नोंदणी थांबावी. नकाशाची एक प्रत घरमालकाकडे राहिली तर वीस वर्षांनी खिळा ठोकतानाही उपयोगी पडेल.

बिनशिकलेल्या कारागिराचं काय, हा दुसरा आक्षेप. वीस वर्षं हात चालवलेल्या माणसाला वर्गात बसवायची गरज नाही. आधीच्या कामाच्या अनुभवावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनांत आहे, आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कमी आहे ती मागणी. प्रमाणपत्राने मजुरी वाढत नाही तोवर ते कोण घेईल? नोंदणी सक्तीची झाली की ही मागणी तयार होईल. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातून देशभर प्लंबर जातात आणि तिथे पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. कोयता घेऊन दरवर्षी घर सोडणाऱ्या बीड जिल्ह्याला अशी एक संस्था मिळावी ही मागणी आमदारांनी अजून जोरात का केली नाही?

खेड्यांत तर गरज आणखी मोठी आहे. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवलं. अंगणातल्या त्या नळाची तोटी तुटली, फेरूलपाशी, म्हणजे गावच्या लाइनीला घराची जोडणी जुळते तिथे, गळती लागली, तर ती दुरुस्त करणारा माणूस पाच-सहा गावांत मिळत नाही. ग्रामपंचायत लाकडी खुंटी ठोकते.

सुरुवात सरकारने स्वतःच्या बांधकामांपासून करावी, त्याला कुठल्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही. घरकुलं, जिल्हा परिषदेच्या शाळा, वसतिगृहं, प्राथमिक आरोग्य केंद्रं यांच्या निविदांत प्लंबिंगची दाबचाचणी ही स्वतंत्र बाब धरावी, तिचा स्वतंत्र दर द्यावा, आणि काट्याचे दोन फोटो व लाइनीचा नकाशा फाइलीत लागल्याशिवाय गिलाव्याचं बिल काढू नये.